रिलीजची तारीख ठरवणाऱ्यांना खुले पत्र

मॅनेजर, प्रॉडक्ट हेड, संस्थापक आणि ज्यांच्या एका ‘होऊन जाईल ना?’वर अख्ख्या टीमचा महिना ठरतो अशा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पुढच्या तिमाहीचं प्लॅनिंग तोंडावर आलंय आणि तारखा नेहमीप्रमाणे आमच्यापर्यंत ठरूनच येतील. त्या ठरायच्या आत हे तुमच्या वाचनात यावं अशी इच्छा आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. हे पत्र वेगाविरुद्ध नाही. वेगवान सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी माणसं वेगाला विटलेली असतात असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या पाहण्यात तरी तसं फारसं कोणी नाही. सकाळी सुचलेली दुरुस्ती दुपारी रिव्ह्यूला (सहकाऱ्याच्या तपासणीला) जावी, संध्याकाळी प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, असावी आणि लॅपटॉप मिटण्याआधी डॅशबोर्डवरचे आकडे हलताना दिसावेत, याची चटक लागते. एक बटण हलवायला तीन समित्यांची मंजुरी लागते अशा ठिकाणाहून आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात स्वतःचा कोड लाइव्ह गेलेला पाहतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. फ्रेशर मुलं इथे झपाट्याने तयार होतात, कारण चूक आणि तिचा परिणाम यांत महिन्यांचं अंतर नसतं. केलं, फुटलं, कळलं, सुधारलं. अशी शाळा दुसरीकडे मिळणं कठीण.

शिवाय वेग म्हणजे निष्काळजीपणा असंही नाही. २००९ साली फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितलं की आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा डिप्लॉय करतो (बदललेला कोड लाइव्ह सोडतो), तेव्हा ऐकणाऱ्या अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. आज त्यात कोणाला नवल वाटत नाही. डोरा या संशोधन गटाच्या वर्षानुवर्षांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं की वारंवार डिप्लॉय करणाऱ्या चांगल्या टीमांचे बदल फसण्याचं प्रमाणही कमी असतं आणि फसलेच तर त्या लवकर सावरतात. कारण साधं आहे. बदल छोटा असला की बिघाड कुठे झाला ते लगेच सापडतं आणि मागे घेणंही सोपं जातं. चाळीस बदलांचं गाठोडं एकदम सोडलं की त्यातला गुन्हेगार शोधण्यात रात्र जाते.

म्हणजे वेगावर आपलं एकमत आहे. माझी तक्रार तारखेच्या प्रवासाबद्दल आहे.

एस्टिमेट कसं वर चढत जातं ते बघा. कॉलवर अचानक विचारणा होते, ‘अंदाजे किती लागेल? मी धरून बसणार नाही.’ टीम लीड म्हणतो, ‘तीनेक आठवडे, पण पेमेंटचा जुना भाग अजून उघडून पाहिलेला नाही, आणि दुसऱ्या टीमकडून एपीआय (दोन प्रणालींना जोडणारा दुवा) वेळेत मिळाला तर.’ मिनिट्समध्ये लिहिलं जातं : तीन आठवडे. वरच्या बैठकीतल्या स्लाइडवर येतं : महिनाअखेर. सेल्सपर्यंत पोचतं तेव्हा ग्राहकाला शब्द देऊन झालेला असतो, आणि आपल्याकडून कोणाला एपीआय हवा आहे याचा त्या दुसऱ्या टीमला तोवर पत्ताही नसतो. या साखळीत खोटं कोणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने ऐकायला सोपा असलेला भाग तेवढा पुढे सरकवला. अटी मात्र वाटेत गळाल्या.

मग तारीख खाली येते. काम तेवढंच असतं, माणसं तेवढीच असतात, दिवस कमी असतात. म्हणजे काहीतरी सुटणार हे ठरलेलं. फीचर सुटत नाही, कारण ते डेमोत दिसतं. सुटतं ते डेमोत न दिसणारं. टेस्ट ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये’, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत, जातात. रिव्ह्यू अंगठा दाखवून उरकला जातो. रोलबॅकची, म्हणजे बदल मागे घेण्याची, पायरी कागदावर असते, करून कोणी पाहिलेली नसते. जुना कोड काढून टाकायचं टिकीट बॅकलॉगच्या (उरलेल्या कामांच्या यादीच्या) तळाशी जातं आणि तिथेच राहतं. जाणाऱ्या माणसाची केटी (कामाची माहिती सोपवणं) अर्ध्या तासाच्या एका कॉलवर भागवली जाते.

यातलं नेमकं काय सोडायचं, हे कोण ठरवतं? रात्री अकराला ज्याच्या हातात कीबोर्ड असतो तो. ग्राहकाशी काय करार झालाय हे त्याला माहीत नसतं. कोणती जोखीम कंपनीला परवडेल आणि कोणती बुडवेल हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो दमलेला असतो आणि त्याला झोपायचं असतं. कंपनीतला एक महागडा निर्णय आपण सगळ्यांत कमी अधिकाराच्या आणि सगळ्यांत थकलेल्या माणसाकडून घेतो, तोही त्याला न कळवता. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच आहे. बाकीचं सगळं याच्या पुष्ट्यर्थ.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-दलाली कंपनीचं उदाहरण आमच्या धंद्यात जुनं झालंय, तरी तारीख ठरवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा नीट वाचावं. न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तारीख बाहेरून आलेली, न हलणारी. कंपनीने तिच्यासाठी नवा कोड लिहिला आणि तो आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. कुठल्याही टीममध्ये होऊ शकतं असं हे. पण त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड अजून पडून होता, आणि नव्या योजनेने नेमका त्याच जुन्या कोडचा फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) पुन्हा वापरायला घेतला होता. बाजार उघडला तसा आठवा सर्व्हर कित्येक वर्षांपूर्वीचं काम करायला लागला आणि थांबेचना. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींवर प्रक्रिया करता करता ४५ मिनिटांत १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला. गोंधळात दुरुस्ती म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढण्यात आला, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

आता यात सुटलेल्या गोष्टी मोजा. मेलेला कोड काढायचा राहिला. डिप्लॉय झाल्यावर दुसऱ्या माणसाने पडताळून पाहायचं राहिलं. ते पाहायलाच हवं असा लेखी नियमही नव्हता, हे अमेरिकेच्या नियामक संस्थेने २०१३ च्या आदेशात नोंदवलं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने स्वतःहून ९७ ईमेल पाठवले होते, ज्यांत गडबडीचा उल्लेख होता. पण ते ईमेल इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. यातलं एकही काम अवघड नव्हतं. बहुतेक अर्ध्या दिवसाची कामं. ती ‘सोडू या’ असं कोणी बैठकीत म्हटलं असेल असं मला वाटत नाही. अशी कामं सोडली जात नाहीत, सुटतात. आणि नऊ वर्षं काही बिघडत नाही म्हणून ती सुटली आहेत हेच विसरलं जातं.

अमेरिकी प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा राहिलेल्या कामाला कर्ज म्हटलं. त्यांचं म्हणणं कर्ज काढूच नये असं नव्हतं. थोडं कर्ज काढलं तर काम पुढे सरकतं, लवकर फेडलं तर बरंच आहे, धोका आहे तो न फेडण्यात, असं ते म्हणाले होते. आपल्याकडे ‘टेक डेट’ (तांत्रिक कर्ज) हा शब्द आता इतका रुळलाय की रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा-बैठकीत, तो उच्चारला की सगळे गंभीरपणे माना डोलावतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. कर्ज किती, कोणाच्या संमतीने, कधी फेडायचं, याची वही कुठे आहे? बहुतेक कंपन्यांत ती एका सीनियर इंजिनिअरच्या डोक्यात असते. तो नोटीस पीरियडवर गेला की वही गेली.

दुसरी गोष्ट ‘बँडविड्थ’ची, म्हणजे माणसाकडे कामासाठी किती वेळ आहे याची. प्लॅनिंगमध्ये माणसाचे दिवस शंभर टक्के भरले की तुम्हाला समाधान वाटतं, आणि रिकामा दिसणारा दिवस डोळ्यांत सलतो. रांगेचं साधं गणित इथे उलटं बोलतं. काम अनियमित येत असेल आणि करणारा एक असेल, तर तो ५० टक्के व्यस्त असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकी वाट बघावी लागते. ८० टक्क्यांवर ती चौपट होते, ९० वर नऊपट, ९५ वर १९ पट. खऱ्या टीमा इतक्या साध्या नसतात, पण चित्र तेच. सगळे पूर्ण भरलेले असतात म्हणूनच दोन ओळींचा रिव्ह्यू तीन दिवस अडकतो. माणसं पळत असतात आणि काम उभं असतं. बोर्डवर सगळी टिकिटं ‘इन प्रोग्रेस’ आणि ‘डन’मध्ये काहीच नाही, असा स्प्रिंट तुम्हीही पाहिला असेल. तुमच्या नजरेला मात्र त्यातली पळणारी माणसंच दिसतात.

उशीर झाला की आणखी माणसं द्यायची, हा उपाय फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच निकालात काढला आहे. आयबीएमच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अनुभव घेऊन ते सांगत होते की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रेंगाळतो. पाच माणसांत बोलण्याच्या १० जोड्या होतात, दहा माणसांत ४५. नव्याला शिकवायचं काम तर जुन्यांवरच पडतं, आणि तेही नेमकं त्यांच्याकडे क्षणाची सवड नसताना. यावर अधिक लिहीत नाही, पन्नास वर्षांत बरंच लिहून झालंय.

आता रात्रीबद्दल. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला तर रात्री-अपरात्री फोन उचलायची पाळी, ही आमच्या कामाची अशी बाजू आहे जी नोकरीच्या जाहिरातीत एका ओळीत असते. फोन उशाशी, लॅपटॉप हाताशी, आणि आठवडाभर कुठेही गेलं तरी नेटवर्क मिळेल ना ही पहिली चिंता. वाजला नाही तरी झोप पूर्ण लागत नाही, कारण कान उघडे असतात. महिन्याला ९९.९ टक्के चालू राहण्याचं वचन दिलं की ३० दिवसांत बंद राहायला साधारण ४३ मिनिटं मिळतात. ९९.९९ लिहिलं की चार मिनिटांहून थोडी जास्त. करारात एक नऊ वाढवायला काही लागत नाही. पण चार मिनिटांत झोपेतला माणूस उठून, लॉग इन करून, लॉग वाचून, बिघाड ओळखू शकत नाही, म्हणजे त्या नऊसाठी आधी कितीतरी यंत्रणा उभारावी लागते. ती उभारायला दिवस दिले नाहीत तर ते वचन आपसूक कोणाच्या तरी झोपेवर लिहिलं जातं.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये काय झालं ते त्यांनी स्वतःच जगजाहीर केलं, हे मला त्या कंपनीचं मोठेपण वाटतं. डेटाबेसच्या प्रती जुळवण्याची कटकट चालू होती, उशीर झाला होता, आणि एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायची कमांड दिली. दोन-एक सेकंदांत लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर एकेक करत पाचही पद्धती चालत नसल्याचं किंवा लावलेल्याच नसल्याचं निघालं. एकीच्या अपयशाचे ईमेल पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. नंतरच्या अहवालात त्यांनी कारणांचा माग काढत काढत स्वतःलाच विचारलं की बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती, आणि उत्तर लिहिलं की ती कोणाचीच जबाबदारी नव्हती. त्या इंजिनिअरला काढून टाकलं असतं तर प्रकरण दोन दिवसांत मिटलं असतं, आणि हे उत्तर मात्र कधीच सापडलं नसतं.

आपल्याकडे अशा रात्री निभावून नेणाऱ्याचं टाउनहॉलमध्ये कौतुक होतं. होऊ दे, तो त्याला पात्र असतो. पण ज्या मुलीने चार महिन्यांपूर्वी कंटाळवाणी बॅकअप चाचणी लावून ठेवली आणि त्यामुळे तिच्या टीमवर अशी रात्र आलीच नाही, तिच्या अप्रेझलमध्ये त्याबद्दल काय लिहिता? न घडलेल्या घटनेचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. लोक मूर्ख नसतात. कशाचं कौतुक होतं ते पाहून ते काम निवडतात.

थकव्याबद्दल एवढंच सांगते, कारण योगाचा वेबिनार पुन्हा नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट करताना ते आजारांत धरलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सांभाळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणजे त्याचा पत्ता माणसाच्या शरीराचा नसून कामाच्या जागेचा आहे. तिच्या लक्षणांत थकव्यासोबत कामाबद्दल येणारा तुटकपणाही आहे. तो मी ओळखते. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) पूर्वी वाद घालणारा माणूस ‘ओके, करतो’ एवढंच म्हणायला लागला की तुम्हाला वाटतं टीम जुळली. मला धडकी भरते.

अलीकडे एक नवं वाक्य कानावर येतं : ‘आता एआय कोड लिहून देतं, मग एवढे दिवस कशाला?’ लिहिण्याचा वेळ वाचतो, हे खरंच आहे, मीही वापरते आणि आनंदाने वापरते. पण वाचायचं, समजून घ्यायचं, जुन्या प्रणालीत बसतं का ते तपासायचं आणि रात्री फुटलं तर उत्तर द्यायचं, हे अजून माणसाकडेच आहे. आधी दिवसाला एक पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेला बदल) यायची तिथे चार यायला लागल्या, तर रिव्ह्यू करणाऱ्याचा दिवस काही चौपट होत नाही. लिहिण्यात वाचलेला वेळ तारखेतून कापण्याआधी तो वाचण्यात गेला का ते पाहा.

तारखा सैल करा असं मी म्हणत नाही. काही तारखा खरोखर हलत नाहीत. कायदा लागू होणार असतो, जुनी सेवा बंद होणार असते, पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी आम्ही जागलो आहोत, पुढेही जागू, आणि कशासाठी जागतोय हे माहीत असलं की त्यात एक मजाही असते. २००१ मध्ये ज्या सतरा जणांनी अ‍ॅजाइलचा (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा) जाहीरनामा लिहिला त्यांनी सोबतच्या तत्त्वांत पैसा देणारे, बनवणारे आणि वापरणारे या तिघांनाही कायम टिकवता येईल अशी गती मागितली होती. स्टँडअप आपण उचलला, ते तत्त्व उचलायचं राहिलं. तेही आज मागत नाही.

मागणं एकच आहे. जी तारीख ठरेल तिच्या शेजारी, त्याच पानावर, तिच्यासाठी काय सोडलं ते लिहा. टेस्ट सोडल्या तर कोणत्या. रोलबॅक करून पाहिला नाही तर तसं. कुठला जुना कोड तसाच ठेवला, कोणाची सुट्टी पुढे ढकलली, ऑन-कॉलमध्ये किती माणसं कमी आहेत. प्रत्येक ओळीपुढे ती कधी भरून काढायची ती तारीख, आणि सोडायचा निर्णय घेणाऱ्याचं नाव. ते नाव आमच्यापैकी कोणाचं नसावं, ज्याने तारीख दिली त्याचं असावं. ‘हे सोडलं तर काय होऊ शकतं’ हे आम्ही सांगू, ते आमचं काम आहे आणि त्यात आम्ही हातचं राखणार नाही. त्यानंतर जोखीम घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. घेतलीत तर आम्ही मनापासून साथ देऊ.

यावर एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय, की याने कागदपत्रं वाढतील आणि वेग कमी होईल. एका पानाची यादी आहे, दहा मिनिटांत होते. दहा मिनिटांत होत नसेल, यादी लांबतच चालली असेल, तर ते प्लॅनिंगच्या दिवशीच कळलेलं बरं. दुसरा आक्षेप कोणी उघड घेणार नाही : लेखी राहिलं तर उद्या अंगावर येईल. तो मात्र खरा आहे. आज ते आमच्या अंगावर येतं, फरक तेवढाच.

सोमवारच्या प्लॅनिंगला मी असं एक पान घेऊन येणार आहे. तीन ओळी भरून ठेवल्या आहेत : बॅकअपमधून डेटा परत उभा करून पाहण्याची चाचणी, गेल्या वर्षी बंद केलेल्या फीचरचा अजून सर्व्हरवर असलेला कोड, आणि ऑन-कॉलच्या यादीत भरायची राहिलेली एक जागा. नावाचा रकाना तुमच्यासाठी ठेवला आहे. पेन मी आणते.

कळावे,
तुमच्याच टीममधली एक इंजिनिअर